ड्रायव्हर पाटी वाचत नाही

पसरणी घाटात कुणी कुणाला ‘सावकाश चालव रे’ म्हणत नाही. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, एक वळण संपतंय तोवर पुढचं हजर. मुंबईचा पाहुणासुद्धा पाचगणीपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर निमूट चढतो.

खंबाटकीचं तसं नाही. साताऱ्याहून पुण्याकडे येणारी गाडी महामार्गावर ऐंशी-नव्वदने आलेली असते. जुना बोगदा संपला की उतार आणि उतारावरच ते ‘एस’ वळण. बराच वेळ वेगात चालवल्यावर साठसुद्धा चाळीससारखे वाटतात. गाडी आवरलीय असं ड्रायव्हर मनापासून समजतो. १० एप्रिल २०१८ रोजी मजूर घेऊन निघालेला टेम्पो इथेच उलटला. १८ जण गेले.

वळणावर गाडी बाहेर फेकली जाते ती वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने. वेग दुप्पट, तर जोर चौपट. म्हणून आपल्याकडच्या मानकांप्रमाणे बाहेरची कड उंच ठेवूनही ताशी ८० किलोमीटरसाठी वळणाची त्रिज्या सुमारे २३० मीटर लागते आणि १०० साठी ३६०. पण नुसती त्रिज्या पाहून भागत नाही, आधीचा रस्ता कसा आहे तेही पाहावं लागतं. लागोपाठच्या दोन टप्प्यांवर गाड्यांच्या प्रत्यक्ष वेगात १० पर्यंत फरक असेल तर आखणी चांगली, २० च्या पुढे गेला तर वाईट, असा अभियंत्यांचा एक ठोकताळा आहे. आपल्याकडे पंचनामा होतो तो गाडीचा आणि ड्रायव्हरचा. रस्ता सुटतो.

खंबाटकीला निदान सहापदरी जुळ्या बोगद्यांची आखणी करताना हे वळण टाळायचं ठरलं. पाट्या आणि रंबलर वाढवत बसण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

मला आता काळजी आहे ती पेठ-सांगली रस्त्याची. खड्डे होते तेव्हा शिव्या दिल्या, पण वेग त्या खड्ड्यांनीच धरून ठेवला होता. रुंद, सरळ रस्ता झाला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो, आणि वाटेत गावं तर तीच आहेत. गावाच्या तोंडाशी पदर अरुंद करा, दुभाजकाला हलकं वळण द्या. गाव आलं हे डोळ्यांना दिसू द्या. आणि हे गळीत हंगामाआधी करा. तेव्हा याच रस्त्यावर रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, बऱ्याचदा मागे लाल दिवासुद्धा नसतो.