काविळीनंतरची 'कपॅसिटी'

हॉस्टेलात कुणी काविळीतून उठला की डिमांड ठरलेली : "बरा झालास, आता पार्टी दे!" आणि पहिला ग्लास त्याच्याच हातात. का रे बाबा? आपल्याकडची कावीळ बहुधा हेपॅटायटिस ए किंवा ई, म्हणजे दूषित पाण्यातून आलेला व्हायरस. सूज येते लिव्हरला, आणि दारू पचवायचं कामही लिव्हरचंच. डोळ्यांचा पिवळेपणा गेला तरी लिव्हर सावरायला आणखी आठवडे, कधी महिने लागतात. त्यात वजन उतरलेलं, म्हणून तेवढेच दोन पेग जास्त चढतात. मग "पूर्वी तर चार मारायचास" हे टोमणे कशाला? कपॅसिटी म्हणजे काही मर्दानगीची मार्कशीट नव्हे. रक्ताचे रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत आपला आग्रह फीस्टच्या जिलेबीपुरताच ठेवूया.