विश्लेषण : पनवेलच्या पुनर्विकासात घर कुणाला, बाहेर कोण?

अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. जमिनीला भाव आला की झोपडपट्ट्या आणि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासालाही वेग येतो. पण पनवेलमध्ये राबणाऱ्या अनेकांना त्यातून घर मिळेलच असे नाही. कारण पात्रतेचे नियम माणसे मोजत नाहीत, कागद मोजतात.

पनवेल किती बदलले?

२०११ च्या जनगणनेनुसार तेव्हाच्या पनवेल नगरपालिका हद्दीत सुमारे १ लाख ८० हजार लोक राहत होते. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका स्थापन झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोलीसह २९ गावे तिच्या हद्दीत आली. बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या महिला, रिक्षाचालक, हमाल हे या वाढीबरोबरच शहरात आले. टॉवर उभे राहिले, पण या कामगारांच्या आवाक्यातील भाड्याच्या घरांचा विचार नियोजनात झाला नाही. मग झोपडी किंवा गावठाणातील चाळीची खोली एवढाच आसरा उरला.

पात्रता कशी ठरते?

१९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी कायद्यातील तरतुदींनुसार १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला मोफत घर मिळते. त्यानंतरच्या, पण १ जानेवारी २०११ पूर्वीच्या झोपडीधारकाला ते सशुल्क मिळते. मुंबईत ही रक्कम अडीच लाख रुपये आहे. त्यानंतर आलेल्यांना काहीच नाही. म्हणजे २०१२ मध्ये आलेले कुटुंब दशकभर येथे राहिले, मुले येथेच शिकली, मतदार यादीत नाव लागले, तरी ते अपात्र. पनवेलची मोठी वाढ २०११ नंतरची असल्याने या तारखेचा फटका इथे अधिक बसतो.

दुसरा कायदा काय सांगतो?

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ ही संकल्पना मालकीपुरती मर्यादित नाही. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका असलेले कूळ आणि शेतमजूर त्यात येतात. शहरी भागात तीन वर्षे वास्तव्य असलेले कुटुंबही येते. म्हणजे एका कायद्यात तीन वर्षांचे वास्तव्य पुरते, तर दुसऱ्यात दहा-बारा वर्षांचेही अपुरे पडते. या विसंगतीचे समर्थन कसे करणार?

ज्यांच्याकडे सातबारा नाही, त्यांचे काय?

विमानतळासाठी दहा गावे हलवण्यात आली. जमीनमालकांना २२.५ टक्के विकसित भूखंडांची योजना मिळाली. त्यामागे १९८४ च्या जासई आंदोलनातील पाच हुतात्मे आणि दि. बा. पाटील यांचा दीर्घ लढा होता. ‘नैना’ क्षेत्रातील नगररचना योजनांतही मालकाला ४० टक्के भूखंड परत मिळतो. पण खाडीतली मासेमारी सातबाऱ्यावर नसते. तालुक्यातील कातकरी वाड्यांमध्ये अनेकांच्या पायाखालची जमीनही त्यांच्या नावावर नाही. टक्केवारीचे सूत्र जमीनमालकासाठी असते; भूमिहीनाला त्यात स्थान नाही.

घर मिळाले की प्रश्न सुटतो का?

नाही. इमारतीत लिफ्ट, पाण्याचा पंप, देखभाल यांचा मासिक खर्च सुरू होतो. घराखालची टपरी, शिवणयंत्र किंवा हातगाडी ठेवण्याची जागा जाते. प्रकल्प रखडला तर भाडे थकते, आणि कुटुंब ना झोपडीत, ना घरात अशा अवस्थेत अडकते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घेण्याची सूचना मुंबई उच्च न्यायालयाला केली. या कायद्यासंबंधीची दीड हजारांहून अधिक प्रकरणे तिथे प्रलंबित असल्याची नोंद त्यामागे होती.

मग काय करता येईल?

पनवेलला मुंबईच्या चुका पुन्हा करण्याची गरज नाही. आधी भाडेकरूंसह प्रत्येक कुटुंबाची नोंद व्हावी आणि ती यादी वस्तीतच जाहीर व्हावी, मग निविदा निघावी. मुंबईत २०२३ पासून विकासकाला दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरावे लागते. तशी सक्ती इथेही हवी. अपात्रांसाठी महापालिका आणि सिडकोने परवडणारी भाड्याची घरे राखून ठेवावीत. अन्यथा आज हटवलेली झोपडी उद्या तळोज्याच्या किंवा करंजाडेच्या पुढे पुन्हा उभी राहील. त्याला पुनर्विकास म्हणता येणार नाही. ते फक्त गरिबांचे स्थलांतर ठरेल.