न उघडलेल्या कादंबऱ्या

अलीकडे आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून एक तक्रार वारंवार कानांवर येते. ती अशी की, मराठीत आता वाचण्याजोगी कादंबरी निघतच नाही. जे काही होते ते फडके-खांडेकरांबरोबर संपले, फार तर रणजित देसाई आणि शिवाजी सावंत यांच्यापर्यंत टिकले. तक्रार करणारी मंडळी जाणती असतात, घरी पुस्तकांचे कपाट असते, आणि त्यांच्या बोलण्यातला खेदही खोटा नसतो. म्हणूनच आम्ही त्यांस एक साधा प्रश्न विचारीत असतो: गेल्या वर्षभरात पुस्तकांच्या दुकानात उभे राहून आपण किती नव्या कादंबऱ्या उघडून पाहिल्या? ह्याचे सरळ उत्तर आम्हांस अद्याप मिळावयाचे आहे. कोणी वेळेची सबब सांगतो, कोणी डोळ्यांची. एका गृहस्थांनी तर, ज्या पुस्तकाचे नाव आपल्या कानांवर आले नाही ते चांगले असणे शक्यच नाही, असा सिद्धान्तच मांडला.

हीच कुटुंबे लक्ष्मी रस्त्यावर साडी घ्यावयास जातात, तेव्हा वीस साड्या गादीवर पसरल्याखेरीज त्यांचे समाधान होत नाही. पदर उलटून पाहावयाचा, दाराशी नेऊन उजेडात रंग पाहावयाचा, आणि अखेर पहिलीच साडी बांधून घ्यावयाची! आंब्याची पेटी घेताना वरचा थर बाजूस सारून खालचा आंबा देठापाशी हुंगावयाचा. ह्यात आम्हांस गैर काहीच दिसत नाही. परंतु तीनशे पानांची कादंबरी, जी पुढे आठ-पंधरा दिवस आपल्या मनात बिऱ्हाड करून राहावयाची, ती मात्र मुखपृष्ठावरून घ्यावयाची, नाही तर न पाहताच टाकाऊ ठरवावयाची, ही रीत कोणती?

मग निवड होते तरी कशी? एक तर चित्रपटावरून. २०२५ साली 'छावा' चित्रपट आला आणि १९७९ सालच्या त्या कादंबरीकडे ज्यांनी पूर्वी ढुंकूनही पाहिले नव्हते तेही दुकानांतून तिची चौकशी करू लागले. जुने पुस्तक पुन्हा हातांत घेतले जाते ह्याचा आम्हांस आनंदच आहे. पण ही निवड वाचकाची नव्हे, चित्रपटगृहाची होय. दुसरा मार्ग पारितोषिकाचा. मुखपृष्ठावर पुरस्काराचा शिक्का दिसला की पुस्तक निर्धास्तपणे घ्यावयाचे. ह्या मार्गाविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण तो सर्वांत प्रतिष्ठित समजला जातो.

विश्राम बेडेकर यांचे 'रणांगण' १९३९ साली निघाले. साहित्य अकादमी स्थापन झाली ती १९५४ साली, तेव्हा 'रणांगण'वर तिचा शिक्का असण्याचा प्रश्नच नव्हता. बेडेकरांस अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८५ साली, आणि तोही 'एक झाड आणि दोन पक्षी' ह्या आत्मचरित्रास. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. अकादमीने त्यांचा गौरव केला १९८३ साली, 'सत्तांतर'साठी. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली, आणि अकादमीने १९९१ साली निवडले ते त्यांचे 'टीकास्वयंवर', म्हणजे टीकालेखांचे पुस्तक. ज्या तीन कादंबऱ्यांवाचून मराठी कादंबरीविषयी बोलताच येत नाही, त्या तिन्ही शिक्क्याची वाट पाहणाऱ्या वाचकाच्या हाती कधीच पडल्या नसत्या. त्या वाचल्या गेल्या, कारण कोणा अनामिक वाचकाने त्या उघडल्या, चार पाने वाचली आणि दुसऱ्याच्या हाती दिल्या. अकादमीवर आमचा रोष नाही. 'रिंगाण'ला २०२३ साली तिने पुरस्कार दिला तो योग्यच. शिवाय २०२० सालचा 'उद्या'साठी जाहीर झालेला पुरस्कार नंदा खरे यांनी न स्वीकारल्यामुळे शिक्केवाल्या वाचकाची केवढी अडचण झाली असेल, ह्याचे आम्हांस अधूनमधून हसू येते.

इतके झाल्यावर दुकानदारांकडे वळणे प्राप्त आहे, कारण दोष एकट्या वाचकाचा नाही. पुण्यास अप्पा बळवंत चौकात कित्येक ठिकाणी ग्राहक आणि पुस्तक ह्यांच्यामध्ये लाकडी फळी असते. ग्राहकाने नाव सांगावयाचे आणि नोकराने आतून पुस्तक आणावयाचे. पाठ्यपुस्तकांस आणि मार्गदर्शकांस ही पद्धत ठीक. परंतु ज्या कादंबरीचे नावच ठाऊक नाही ती मागावी कशी? जेथे ही फळी नाही तेथे अलीकडे प्लॅस्टिकचे वेष्टन आले आहे. गेल्या महिन्यात एका दुकानात आम्ही असे वेष्टन काढण्याची परवानगी मागितली, तेव्हा 'घेणार असाल तर काढतो' असे उत्तर मिळाले. घ्यावे की नाही हे ठरविण्यासाठीच ते काढावयाचे होते, हे त्या तरुणास पटविणे आम्हांस साधले नाही. पुस्तके मळतात, पाने दुमडतात, वडापावाचे बोट मुखपृष्ठास लागते, हे दुकानदारांचे म्हणणे खरे आहे. तो तोटा त्यांनाच सोसावा लागतो, हेही खरे. तथापि हा तोटा सोसणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली मुंबईत स्ट्रँड चित्रपटगृहाच्या आवारात लहानसे दुकान मांडले. ते पुढे फोर्टात नावारूपास आले आणि २०१८ साली बंद पडले. ते मुख्यत्वे इंग्रजी पुस्तकांचे होते. पण तेथे पुस्तक चाळणाऱ्याकडे कोणी डोळे वटारीत नसे, आणि केवळ चाळावयास आलेली माणसे पिशवी भरून बाहेर पडत.

आमची स्वतःची रीत विचाराल तर सांगतो. मलपृष्ठावरील मजकूर आम्ही वाचीत नाही. तो प्रकाशकाचा असतो. प्रस्तावना स्नेह्याची असते. पहिले पानही फसवे, कारण ते लेखकाने दहा वेळा लिहिलेले असते. आम्ही मधले कोठलेही पान उघडतो, शक्यतो जेथे दोन माणसे बोलत आहेत असे. ती आपापल्या तोंडाने बोलतात की दोघेही लेखकाच्याच तोंडाने, हे दोन पानांत कळते. आमची फसगत होत नाही असे नव्हे. दोन वर्षांपूर्वी अशीच उचललेली एक कादंबरी शंभराव्या पानावर सोडून द्यावी लागली. पण ती फसगत आमची स्वतःची होती, आणि त्या लेखकाविषयी आज आम्ही काही बोललो तर ते वाचून बोलू.

तेव्हा दुकानदारांजवळ आमचे मागणे एवढेच आहे की, नव्या प्रत्येक कादंबरीची एक प्रत वेष्टनाबाहेर ठेवावी आणि तिच्याशेजारी एक स्टूल असावे. आणि तक्रार घेऊन येणाऱ्या मंडळींस यापुढे आम्ही उत्तर देणार आहोत ते त्या स्टुलावर तासभर बसून आल्यानंतरच.