भाव मागणाऱ्याने मजुरी मारू नये

शेतमालास खर्चाखाली न जाणारा भाव मिळावा, ही शेतकरीवर्गाची मागणी सर्वथैव न्याय्य आहे. परंतु मालास जशी किमान किंमत हवी, तशी ती श्रमासही हवी. दोहोंचे तत्त्व एकच आहे, याचा आपणांपैकी पुष्कळांस विसर पडतो, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात शेतीकामाचा समावेश प्रथमपासूनच होता. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तरीही खुरपणी-वेचणीचा दर पुष्कळ ठिकाणी मजुराच्या अडचणीवरच ठरतो. सारख्या कामास स्त्रीला कमी दर देणे १९७६ सालीच कायद्याने निषिद्ध झाले. वहिवाट मात्र मोडली नाही.

दुसरी सबब शिकाऊपणाची. ‘पोरगा काम शिकतो आहे’ असे म्हणून त्यास रोपवाटिकेत वा ट्रॅक्टरवर केवळ जेवणावारी राबविले जाते. १९६१ च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा मजूर गणला जात नाही, हे खरे. परंतु तेथे लेखी करार, त्याची नोंदणी, रीतसर शिक्षण व विद्यावेतन ही आवश्यक आहेत. जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे उमेदवारी कसली? तो मजूरच होय आणि पुऱ्या मजुरीचा धनी होय.

कोणी म्हणतील, ‘मालास भाव नाही, मजुरी कोठून द्यावी?’ हा आक्षेप पोकळ नाही. लहान शेतकऱ्याची ओढाताण आम्ही जाणतो. परंतु आधारभूत किंमत ठरविताना उत्पादनखर्चात दिलेली मजुरी धरली जाते व घरच्या माणसांच्या श्रमाचेही मोल केले जाते. तेव्हा मजुरी मारणारा शेतकरी शेतीचा खर्च कमी दाखवून स्वतःचाच दावा दुबळा करतो. शिवाय किमान वेतनाहून कमी दराने घेतलेले काम म्हणजे वेठच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच दिला आहे. वेठीचा जाच ज्यांच्या पूर्वजांनी सोसला, त्यांनीच ती दुसऱ्यावर लादावी काय?

म्हणून सभासदांस आमची सूचना अशी : हंगामापूर्वी सरकारी दर चावडीवर जाहीर वाचावा, स्त्री-पुरुषांस एकच दर द्यावा, हजेरीची वही ठेवावी, आणि मजुरी आठवड्याच्या बाजारापूर्वी रोख चुकती करावी. मग भाव मागण्यास जाताना ती वही हाती घेऊन जावे. तीहून बळकट पुरावा दुसरा नाही.