स्वयंचलित यंत्र कोणासाठी?

टी-शर्टांवर स्क्रीनने छपाई करणाऱ्या लहान कारखान्यात पहिले स्वयंचलित यंत्र घ्यायचे ठरते, तेव्हा मालक ताशी किती नग निघतील याचा हिशेब मांडतो. तो हिशेब अपुरा आहे. यंत्र स्क्वीजी ओढते, कापड एका स्क्रीनखालून दुसऱ्या स्क्रीनखाली नेते. परंतु जाळीवर इमल्शन चढविणे, नक्षी उतरविणे, रंगांवर रंग नेमके बसविणे ही कामे माणसांच्याच हाती राहतात. शंभर नगांच्या मागणीत या तयारीचाच वेळ मोठा. तेथे यंत्राचा वेग जवळजवळ वाया जातो. शिवाय रंग पक्का करणारी भट्टी जुनीच असेल, तर माल तिच्या तोंडाशी तुंबतो. मग मोठी भट्टी, कॉम्प्रेसर, वाढीव वीजजोडणी. कर्ज फुगतच जाते.

हप्ता मागणीची वाट पाहत नाही. यंत्राचे पोट भरण्यासाठी बड्या व्यापाऱ्याची कामे पडेल भावाने घ्यावी लागतात आणि कालचा स्वतंत्र कारागीर त्याचा मजूर बनतो. स्क्वीजी ओढणाऱ्यांचे काय? यंत्रे मजुरांच्या हिताला बाधक ठरू शकतात, हे रिकार्डोनेही १८२१ मध्ये आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत मान्य केले. (उशिरा, पण प्रामाणिकपणे!)

यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. दिवसभर स्क्वीजी ओढून खांदे भरून येतात, ते थांबावे हे इष्टच. मात्र जुन्याच कामगारांना यंत्रावर शिकविण्याचे आणि वाढीव उत्पन्नाचा वाटा मजुरीत देण्याचे ठरल्यावाचून कर्जाच्या कागदावर सही होऊ नये. मोठ्या मागण्या नियमित नसतील, तर चार कारखान्यांनी मिळून सहकारी तत्त्वावर एकच यंत्र घ्यावे.