हँडलावरचा वाटाड्या

आमच्या चिरंजीवांना आपल्या वडिलांविषयी दोन काळज्या आहेत. एक, बाबा रस्ता चुकतात. आणि दुसरी, रस्ता चुकल्यावर कोणाला विचारीत नाहीत. यांपैकी पहिली काळजी खरी आहे. दुसरी गोष्ट माझ्या मते स्वाभिमानात मोडते. असो.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास चिरंजीव एक होल्डर घेऊन आले. चार नख्यांनी स्मार्टफोनचे चार कोपरे पकडायचे आणि सगळे लटांबर मोटारसायकलच्या हँडलाला स्क्रूने आवळायचे. माझी साडेतीनशे सीसीची जुनी फटफटी. तिच्या कपाळी हा नवा दागिना बसवायला बापलेकांना अर्धा तास लागला. नकाशा सुरू झाला, त्यातला बाण लुकलुकू लागला आणि एक बाई मंजुळ आवाजात कोणत्या वळणावर वळायचे ते सांगू लागल्या. सौभाग्यवती गॅलरीतून म्हणाली, "अहो, तीस वर्षं मी हेच सांगत होते, तेव्हा नाही कधी ऐकलंत!"

मी कायद्याची शंका काढली. चिरंजीव तयारच होते. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीप्रमाणे गाडी चालवताना फोनचा उपयोग केवळ रस्ता पाहण्यापुरता करता येतो, हे त्यांनी मला वाचून दाखवले. त्या वाक्याला पुढे एक शेपूट आहे: 'चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने'. हे शेपूटही त्यांनी वाचले. पण मी तेव्हा होल्डरकडे कौतुकाने पाहत होतो.

भाऊबीजेला आम्ही दोघे सासवडला आक्काकडे निघालो. आता पुण्याहून सासवडचा रस्ता मला काय ठाऊक नाही? हडपसर सोडले, वडकी गेली, की दिवे घाट. डोळे बांधले तरी जाईन अशी माझी प्रौढी. त्यामुळे नकाशाची गरज शून्य होती. तरीही मी तो लावला, कारण आपण जिथे आहोत तिथेच आपला बाण आहे, हे पाहण्यात एक अजब समाधान असते. ठाऊक असलेल्या रस्त्यावर माणूस नकाशा पाहतो तो आरशात पाहावे तसा.

घाटात अर्ध्यावर आलो आणि नकाशावर शुभेच्छांचे संदेश टपटप उतरू लागले. भाऊबीजच ती! पणत्या, रांगोळ्या, कुठल्या तरी विसरलेल्या मित्राचा फोटो. त्या मित्राचे नाव वाचण्यासाठी मी फोनकडे पाहिले. फार नाही, दोन सेकंद. गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटर. या वेगाला सेकंदाला अकरा मीटर पडतात, हा हिशेब मी नंतर घरी कागदावर केला. म्हणजे त्या देखण्या घाटातले बावीस मीटर मी न पाहताच ओलांडले होते.

मान वर केली तो पुढची स्कूटर वळणावर थांबलेली. नवरा, बायको आणि मध्ये पाचसहा वर्षांची मुलगी. मी दोन्ही ब्रेक जिवाच्या आकांताने दाबले. चाक घसरले, सौ. माझ्या पाठीवर आदळली आणि गाडी स्कूटरपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. मुलीने मागे वळून पाहिले. तिच्या हातात अर्धी खाल्लेली करंजी होती. ती हसली. तिला काय कळणार!

सासवड येईपर्यंत सौ. एक शब्दही बोलली नाही.

आक्काने ओवाळले. फोटो काढावा म्हणून फोन हातात घेतला, तर कॅमेऱ्यातून बारीक घरघर ऐकू येई आणि आक्का, तबक, निरांजन सारी पाण्यात पाहावी तशी थरथरत. पुण्यात दुरुस्तीवाल्याने खुलासा केला. आपला हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून कॅमेऱ्याचे भिंग लोहचुंबकांच्या आधारे आत अधांतरी सरकते ठेवलेले असते. इंजिनाची थरथर महिनोन्‌महिने हँडलातून त्याला बसली की ते नाजूक काम बिघडू शकते. माझा फोन निराळ्या कंपनीचा. पण ॲपलने २०२१ सालीच आपल्या गिऱ्हाइकांना बजावले होते, की ताकदवान इंजिनाच्या मोटारसायकलवर आयफोन बसवू नका, आणि स्कूटरवर बसवायचाच तर थरथर शोषून घेणारा होल्डर वापरा. चिरंजीव लगेच तसा रबरी गादीचा होल्डर आणायला निघाले.

मी त्यांना थांबवले. रबराने कॅमेरा वाचेल. माझे डोळे कसे वाचणार? होल्डरने माझा हात मोकळा केला हे खरे, पण हात कधी रस्ता पाहत नाही. फोन खिशात होता तोवर तो पाहण्यासाठी मला गाडी थांबवावी लागे, आणि तेवढा कंटाळाच मला जपत होता. हँडलावर तो बसला आणि थांबण्याचे कारणच उरले नाही.

आता मी निघण्यापूर्वी घरीच नकाशा पाहतो, दोनतीन वळणे लक्षात ठेवतो आणि घोटाळा झालाच तर कडेला गाडी लावून फोन काढतो. कधी चक्क पानवाल्याला रस्ता विचारतो. होल्डर हँडलावर अजून आहे. यंदा खंडेनवमीला त्याच्या नख्यांत झेंडूचे फूल खोचले, ते छान शोभले.

भाऊबीजेला पुन्हा सासवडला जायचे आहे. फोन सौ.च्या पर्समध्ये राहील. ती मागून प्रत्येक वळणावर "जरा हळू" म्हणेल, आणि या खेपेस मी ऐकेन.