बुडखा आणि खोडवा

नातीच्या वहीत परवा म्हणी दिसल्या. ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये.’ पुढं अर्थ : एखाद्याच्या चांगुलपणाचा गैरफायदा घेऊ नये. उत्तर बरोबर आहे, बाईंनी गुणही दिलेत. पण दिवाळीनंतर जयसिंगपुरात रात्रभर उसाच्या ट्रॉल्यांची घरघर असते. अशा गावात एवढ्या अर्थावर मन भरत नाही.

मी ही म्हण आजीकडून ऐकली तेव्हा माझ्या हातात चोरीचा ऊस होता. चालत्या ट्रॉलीमागं पळून आम्ही पोरं ऊस ओढायचो. आजी तंबाखूच्या वखारीतून सुटून येत होती, पदराला खकाणा लागलेला. ओरडली नाही. ऊस घेतला, गुडघ्यावर मोडला आणि शेंड्याकडचं कांडं दिलं. पचपचीत. मग बुडख्याकडचं दिलं.

“कुठलं ग्वाड?”

“बुडख्याचं.”

“आन् त्येच्या खाली काय असतंय?”

“मूळ.”

“त्ये रानात ऱ्हातंय म्हणून फुडल्या साली खोडवा येतोय. ग्वाड लागलं म्हणून त्येबी उपटलंस, तर नवी लागण कराय तुझ्या बाकडं पैसं हाईत का?”

उसाची साखर बुडख्याकडं जास्त, म्हणून तोड जमिनीलगत करतात. मूळ मात्र राखतात. त्याच मुळाला फुटवे येऊन दुसरं पीक उभं राहतं. बेण्याचा, लागणीचा खर्च वाचतो. गोडी संपते तिथंच पुढचं साल सुरू होतं, हे माहीत असलेल्या कुणीतरी ही म्हण केली असणार. ‘मुळासकट’ या एका शब्दात सगळा खोडवा आहे. वहीतल्या अर्थात तो उगवतच नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

मॅनवेअरिंग या मिशनऱ्यानं १८९९ साली मराठी म्हणींचं पुस्तक छापलं. पुढं दाते-कर्व्यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ केला. या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत. पण कोशातली म्हण बेण्यासारखी असते. तिला रान लागतं, ओल लागते, बोलणारं तोंड लागतं.

ते तोंड मी ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिलं. तेव्हाच्या महापुरात नदीकाठची माणसं आमच्या गावात आसऱ्याला आली होती. एका हॉलमध्ये आम्ही भाकरी-आमटी वाढत होतो. एक म्हातारी ताटाला हात लावेना. नरसोबाच्या वाडीच्या दर्शनाशिवाय तिनं कधी घास घेतला नव्हता, आणि वाडीला देवाच्या पादुका पाण्याखाली होत्या. “देव पाण्यात घालून बसलेय बाबा,” ती म्हणाली. घर, म्हैस, कशाचाच पत्ता नव्हता.

शेजारची बाई तिच्याच गल्लीतली, तिचंही सगळं बुडालेलं. ती म्हणाली, “आत्ती, आपण कशाला घालायचा? औंदा त्यो आपला आपुनच जाऊन बसलाय. त्यो वर येस्तोवर जेवून घ्या, मग त्येला बघाय ताकद पायजे.”

म्हातारी आधी रागावली. मग तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता डोळे पुसले. भाकरीचा तुकडा मोडला, कपाळाला लावला आणि विचारलं, “वाडी कुठल्या अंगाला आली रं हितनं?”

मी हात करून दाखवलं. ती तिकडं तोंड करून बसली आणि जेवली.